भिकेचा परकर

सावरगावात पंचफुलाबाईच्या दारावरून जाताना बाया आवाज खाली करत. ती भांडकुदळ नव्हती. पण बोललेला शब्द ती सोडत नसे, आणि दुसऱ्यानं बोललेला तर मुळीच नाही. जाम नदीच्या पलीकडे, पांढुर्ण्यात, तिची मोठी जाऊ विजयमाला राहायची. लोक म्हणत, नदीवरची दोन गावांची दगडफेक, ती गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाच होते, ह्या दोघींची बारमाही चालू आहे. दोघींच्या मधली ती नदी उन्हाळ्यात घोट्याएवढीही नसायची. तरी बारा वर्षं एक दुसरीच्या दारी गेली नाही. कारण विचारलं तर लोक हसून सांगत, "पोरीच्या फ्रॉकावरून."

फ्रॉकावरूनच झालं, हे खरं. पण त्या पोरीला फ्रॉक का चालत नव्हता, ते आधी सांगायला हवं.

पंचफुला सौंसरकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. पंधराव्या वर्षी पांढुर्ण्याला रामाजीच्या घरी आली. घर एकत्र होतं. थोरला भाऊ भगवंतराव कापूस आणि संत्र्यांचा व्यापार बघायचा, धाकटा रामाजी नदीपलीकडची सावरगावची शेती. घरात सासू अंबाबाई. थोरली सून विजयमाला नागपूरची, सातवी शिकलेली. तिचा भाऊ नागपूरच्या सचिवालयात कारकून होता, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी घरात निघायचीच. विजयमालाला चार लेकरं झाली, चारही धडधाकट. पंचफुलाला तीन झाली आणि तिन्ही गेली. पहिलं बारशाचं नवं झबलं अंगात घातल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं गोवरानं. तिसऱ्यासाठी तिनं स्वतः लाल कुंची शिवली होती. ती कुंची एकदाच घातली गेली.

चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती चालत जामसांवलीला गेली. पिंपळाखाली निजलेल्या मारुतीसमोर कपाळ टेकवून म्हणाली, "देवा, ह्यावेळी मी काही नवं शिवत नाही. जे लेकरू देशील त्याले पाच वर्सं विकतचा धागा लावणार नाही. भीक मागून झाकीन. भिकाऱ्याच्या लेकराले कोण नजर लावते?"

अंबाबाई बरोबर होती. असे नवस तिनं पाहिले होते, त्यामुळे नेमही तिनंच सांगितला. "पाच घरचं कापड मागाचं, पंचफुले. पदर पसरून, तोंडानं मागाचं. अन् घरचं चालत नाही. आपल्या घरची भीक, ते भीक नाही होत. परक्याच्याच दारी उभं राहा लागते."

चैत्रात मुलगी झाली. तिचं नाव भिकी ठेवलं. विजयमाला बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनच म्हणाली, "मुलगा असता तर एक गोष्ट होती. मुलीसाठी कोणी भीक मागते का?"

पंचफुलानं कूस बदलली. पण हे वाक्य तिनं ठेवून घेतलं.

मग दर वर्षी ती मागायला निघू लागली. भगवंतराव शेटची भावजय, डोक्यावर पदर, पायात काही नाही; शिंप्याच्या, गवळ्याच्या, मास्तरांच्या, सोनाराच्या दारी उभी राहून म्हणायची, "नवसाची लेक हाय माय, कापड वाढा." कोणी धोतराचं फडकं देई, कोणी जुन्या लुगड्याचा काठ. त्याचा ती परकर आणि पोलकं शिवायची. एक पट्टा हिरवा, एक विटका, एक किनखापाचा, एकाला हळदीचे डाग. भिकी त्यात वाढली. चार वर्षांची झाली, साडेचारची झाली. तिला नजर लागली नाही. गोवर आला आणि गेला. पंचफुला रात्री झोपताना दिवस मोजायची. चैत्राच्या पुनवेला पाच वर्षं पुरी होणार होती.

इकडे विजयमालाच्या अंगाची आग व्हायची. "बाजारात लोक विचारतात," ती म्हणायची, "की शेटजींच्या घरी पोरीला चिंधी का? आमच्या घरी काय कापसाची कमी आहे?"

"कापसाची नाही," पंचफुला चुलीकडे बघत म्हणायची. "लेकराईची कमी होती, बाई. माह्या खोलीत."

छप्पन साली दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आलं. नागपूर, वर्धा, अमरावती मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा जिथं होतं तिथंच राहिलं, मध्य प्रदेशात. फक्त राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. विजयमालाचा भाऊ आता कुठल्याच कामाचा राहिला नाही. ती चार दिवस जेवली नाही म्हणतात. भगवंतरावांचे गाड्यांचे, गोदामाचे, सगळे परवाने आता हिंदी साहेबांच्या हातात होते. तेव्हा असं ठरलं की जिल्ह्यातल्या एका नव्या साहेबाला कुटुंबासह कार्तिकी पुनवेला होशंगाबादला न्यायचं. नर्मदेचं स्नान होईल, मग मोठी नाव करून दिवसभर नदीतून फिरायचं, आणि दिवेलागणीच्या आत नावेतच पंगत. आचारी नत्थूजी घरचा न्यायचा. अंबाबाई म्हणाली, "नर्मदामाय घडते तर सगळे चला. पंचफुलाही अन् भिकीही."

विजयमालानं नागपूरहून आसमानी साटीनचं ठाण मागवलं. मुलींना फ्रॉक, मुलांना त्याच रंगाच्या चड्ड्या आणि पांढरे शर्ट, सगळ्यांना पांढरे मोजे. शिंपी ओसरीवर मापं घेत बसला. रामाजी शेतावरून आला होता. काही न विचारता त्यानं भिकीलाही पुढं केलं, आणि शिंप्यानं तिचंही माप घेतलं.

आठ दिवसांनी पाच फ्रॉक-शर्ट घडी करून आले. पंचफुलानं तो पाचवा फ्रॉक पाहिला आणि उचलून विजयमालाच्या खोलीत नेऊन ठेवला.

"हे काय?" विजयमालानं विचारलं.

"तुमचं हाय. चुकून शिवलं."

"चुकून नाही. मी शिवायला सांगितलं. साहेबाच्या घरची माणसं पंगतीला बसणार, त्यांच्यासमोर आपली सगळी मुलं एकसारखी दिसली पाहिजेत. एका दिवसाचं काम आहे."

"एका दिवसानंबी नवस मोडते."

"अगं, मारुतीला काय साटीन अन् चिंधी समजते?"

"त्याले सगळं समजते," पंचफुला म्हणाली. "तुम्हालेच नाही समजत."

विजयमाला उठून उभी राहिली. "ऐक मग. फ्रॉक घातला तर तुझी पोरगी पंगतीला. नाही घातला तर मागं, नत्थूजीच्या चुलीपाशी. माझ्या मुलांच्या रांगेत चिंध्या बसणार नाहीत. अन् तोंड वर करून बोलायचं असेल तर पुढचं सांगते. ह्यांचं काम अडलं तर सावरगावच्या शेतीतून हे घर चालणार नाही."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. रामाजी त्या रात्री जेवताना म्हणाला, "घाल ना एक दिवस. वहिनी काय वाईट सांगते?"

"तीन लेकरं पुरून कोण आलं?" पंचफुला म्हणाली. "पुरायले गेले होते तुम्हीच. तरी इचारता?"

तो ताटावरून उठला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

पॅसेंजर गाडीनं सगळे इटारसीला आणि तिथून होशंगाबादला गेले. पहाटे घाटावर गर्दी. पंचफुलानं भिकीला नर्मदेत तीन बुड्या दिल्या, आणि तोच ओला परकर पिळून वाळवून पुन्हा तिला नेसवला. नावेवर सतरंज्या टाकल्या होत्या, वर तट्ट्याचं छत होतं. विजयमालानं मुलांना छताखाली ओळीनं बसवलं. निळ्या साटीनमध्ये चार मुलं अगदी दुकानातल्या बाहुल्यांसारखी दिसत होती, आणि हलायची त्यांना बंदी होती.

मग साहेबाचं कुटुंब आलं. त्यांची दोन मुलं जुन्या लोकरीच्या स्वेटरांत, पायजम्यांत, एकाच्या कोपराला भोक. विजयमालाचं तोंड एवढंसं झालं.

साहेबीणबाई साधी होती. "नदी पर ठंड लगती है ना," ती म्हणाली. आणि खरंच, दुपार कलली तसं वारं सुटलं. साटीनमधली मुलं काकडू लागली. विजयमालाच्या धाकट्या मुलीचे दात वाजायला लागले. पंचफुलानं नुसतं बघितलं. शेवटच्या टोकाला, नत्थूजीच्या चुलीच्या उबेशी, पाच घरच्या दुहेरी चिंध्यांत तिची भिकी मजेत बसली होती. पंचफुलाला त्याचं सुख वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"हसून राहिली का?" विजयमाला दातांतून म्हणाली.

"नाही बाई. देवाचं नाव घेऊन राहिली."

उन्हं उतरली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. नत्थूजीनं पुऱ्या तळायला घेतल्या. वांग्याची भाजी, कढी, बुंदीचे लाडू, वर पांढुर्ण्याची संत्री. भगवंतराव आणि साहेब एका बाजूला बसले, मुलं एका ओळीत. भिकीनं हे पाहिलं आणि उठून चालू लागली.

"कुठं चालली?" विजयमालानं विचारलं.

"पंगतीत. मलेबी बसाचं हाय."

"मागं बस. तुझं तिकडं."

पोर तिथंच उभी राहिली, ना पुढं ना मागं. साहेबीणबाईनं तिच्याकडे पाहिलं. पट्टे जोडलेला परकर, अनवाणी पाय, चुलीची काजळी गालाला लागलेली. ती प्रेमानंच नत्थूजीला म्हणाली, "रसोइया, ये तुम्हारी बच्ची है? भूखी होगी। इसके हाथ में दो पूरी दे दो, वहीं बैठकर खा लेगी।"

नत्थूजीच्या हातातला झारा थांबला. त्यानं विजयमालाकडे पाहिलं. आणि विजयमाला, जिनं एका शब्दात सांगायला हवं होतं की ही आमच्या घरची मुलगी आहे, ती पत्रावळीवर मीठ वाढत राहिली.

नत्थूजीनं दोन पुऱ्या काढून भिकीच्या हातावर ठेवल्या. गरम होत्या. पोरीनं हात झटकला, एक पुरी नदीत पडली.

पंचफुला उठली. लग्न झाल्यापासून ती भासऱ्यासमोर कधी बोलली नव्हती. भगवंतराव दिसले की ती पाठमोरी होई. त्या दिवशी ती त्यांच्या समोरून चालत गेली, विजयमालासमोर उभी राहिली, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून दोन्ही हातांवर पसरला.

"नवसाची लेक हाय माय," ती म्हणाली, जशी दर वर्षी परक्या दारी म्हणायची तशी. "कापड वाढा."

विजयमालानं मिठाची वाटी खाली ठेवली.

"हा काय तमाशा लावला?" विजयमाला हळू आवाजात म्हणाली. "बस खाली."

"तमाशा नाही. भीक मागून राहिली."

"स्वतःच्या घरात कोणी भीक मागते का?"

"घरात नाही मागत, बाई. घरची भीक नवसाले लागत नाही, आत्याबाईनं मले तेव्हाच सांगतलं. म्हून पाच वर्सं तुमच्या दारी मी आली नाही. आता तुम्ही सांगा. ते बाई म्हणते हे आचाऱ्याची पोरगी, तुम्ही नाही म्हटलं नाही. तर मी कोणाच्या दारी उभी हाय? घरच्या, का परक्याच्या?"

भगवंतराव खाकरले. "विजया," ते म्हणाले, म्हणजे मिटवून टाक. साहेबाला काही कळत नव्हतं. तो कौतुकानं हसत होता, त्याला वाटलं काही विधी चालला आहे.

त्या हसण्यानंच विजयमालाचा तोल गेला असावा. तिच्या पिशवीत तो पाचवा फ्रॉक होता. शेवटपर्यंत पोरीला घालता येईल म्हणून तिनं आणला होता. तो काढून तिनं पंचफुलाच्या पदरात फेकला.

"घे! परकीच आहेस तू. पहिल्या दिवसापासून परकी. घे भीक आणि झाक तुझ्या पोरीला!"

फ्रॉक पदरात पडला. पंचफुलानं पदर मिटला. तिनं मान वळवून सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, आयकलं ना तुम्ही?"

अंबाबाई म्हातारी झाली होती, पण कानानं तेज होती. तिनं मोठ्या सुनेकडे पाहिलं, मग धाकटीकडे. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. "आयकलं," ती म्हणाली. "पण तू काय मागून राहिली ते तुले समजते का, पंचफुले? हे घेतलं तर दोन चुली झाल्या."

"समजते."

"मंग टाकून दे ते. अजूनबी टाकून दे."

पंचफुलानं भिकीकडे पाहिलं. पोर एका हातात उरलेली पुरी धरून उभी होती, आणि तिचे डोळे पंगतीतल्या रिकाम्या जागेवर होते. साडेचार वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"नाही टाकत," पंचफुला म्हणाली.

तिनं तिथंच फ्रॉक भिकीच्या डोक्यातून घातला, जुन्या परकर-पोलक्यावरूनच. वर आसमानी साटीन, खाली पाच घरच्या चिंध्यांचा घेर. हाताला धरून तिनं पोरीला ओळीत बसवलं. "वाढा, नत्थूजी," ती म्हणाली. नत्थूजीनं वाढलं, आणि आधी भिकीलाच वाढलं.

साहेबीणबाई म्हणाली, "अरे वाह, अब सब एक जैसे।" भिकी जेवली. तीन पुऱ्या, दोन लाडू. मोठ्यांतलं कोणी नीट जेवलं नाही.

परतीच्या गाडीत विजयमाला एका बाकावर आणि पंचफुला दुसऱ्या टोकाच्या, पाठ करून. रामाजी दोघींच्या मध्ये दाराशी उभा राहिला, पांढुर्णा येईपर्यंत. स्टेशनावर उतरल्यावर भगवंतरावांचा टांगा घराकडे वळला. पंचफुला नदीकडे वळली. रामाजी क्षणभर थांबला, आणि मग डोक्यावर वळकटी घेऊन तिच्यामागं गेला. शेतातल्या गोठ्याशेजारी त्यांनी चूल मांडली. वाटणी पुढं कागदावर झाली, तीही भांडूनच; बैलजोडी कोणाची, विहिरीचं पाणी कोणाचं, ह्यावर माघ संपला. अंबाबाई मोठ्याकडे राहिली, पण एकादशीला चालत सावरगावला यायची आणि न बोलता परत जायची.

चैत्राच्या पुनवेला पंचफुला भिकीला घेऊन जामसांवलीला गेली. पाच वर्षं झाली होती. भिकेच्या कपड्यांचं गाठोडं पिंपळाखाली ठेवायचं आणि पोरीला पहिलं विकतचं कापड नेसवायचं, असा नेम होता. तिनं साधं चीट आणलं होतं, बारीक फुलांचं. भिकी रडली, तिला साटीनचा फ्रॉक हवा होता. तेवढी एकच चांगली वस्तू तिनं आयुष्यात अंगावर घातली होती. पंचफुलाचा हात थोडा थांबला, हे तिनं स्वतःच पुढं सांगितलं. मग तिनं फ्रॉक गाठोड्यात घातला आणि गाठ मारली.

"माय, ते तर चांगलं होतं."

"चांगलं होतं. पण भिकेचं होतं. भिकेचं इथंच ठेवाचं."

तिथंच पोरीचं नाव बदललं, वंदना. शाळेत तेच लागलं.

आठ दिवसांनी नत्थूजी सावरगावला आला. मान खाली घालून म्हणाला, "मोठ्या बाईनं सांगतलं, तो फ्रॉक धुऊन परत पाठवा. लहान पोरीले होईल म्हणे."

पंचफुला शेण सारवत होती. ती उठलीही नाही. "सांगा त्याईले, भीक परत मागत नाही कोणी. तरी पाहिजे असन तर जामसांवलीले जाऊन मारुतीले मागा. पदर पसरून मागा लागते म्हणा."

नत्थूजीनं हा निरोप पोचवला की नाही, कोण जाणे. पण मग कोणी काही मागायला आलं नाही. सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र राहते. साहेबानं भगवंतरावांचा परवाना दिला नाही. फाल्गुनातच त्याची बदली झाली होती.

बारा वर्षांनी विजयमालाच्या धाकट्या मुलीचं, नावेत काकडणाऱ्या त्याच मुलीचं, लग्न निघालं. अंबाबाई तोपर्यंत गेली होती. घरच्यांना बोलावणं तोंडी असतं. सावरगावला मात्र अक्षत आली, न्हाव्याच्या हातून, जशी गावातल्या परक्यांना जाते. रामाजी म्हणाला, "जायाचं नाही."

"जायाचं," पंचफुला म्हणाली. "परक्याले बलावलं तर परक्यासारखं जा लागते."

ती गेली. वंदना सतरा वर्षांची होती, साध्या सुती साडीत. मांडवात घरच्या बायांची पंगत वेगळी होती आणि गावची वेगळी. पंचफुला विचारल्याशिवाय गावच्या पंगतीत बसली, मुलीला शेजारी बसवलं, आणि शांतपणे जेवली. विजयमाला वाढायला आली. केस पिकले होते. लाडूचं ताट घेऊन ती पंचफुलासमोर थांबली, वंदनाकडे तिनं नीट पाहिलं. एवढी उंच, एवढी निरोगी पोरगी.

"आता काय नेसवते हिला?" ती म्हणाली. आवाजात काटा होताच.

"विकतचं," पंचफुला म्हणाली. "देवाच्या दयेनं."

विजयमालानं एक लाडू वाढला. दुसरा हातात घेऊन थांबली.

"वाढा," पंचफुला म्हणाली. "आहेर लिहून आली हो मी. फुकट नाही जेवत."

दुसरा लाडू पत्रावळीवर जोरानं पडला आणि फुटला. पंचफुलानं बुंदी गोळा केली, अर्धी मुलीला दिली, अर्धी आपण खाल्ली. मग हात धुऊन, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून, ऊन उतरायच्या आत ती नदी ओलांडून घरी आली.